सरदार खिडकीत काय म्हणाला

पडद्यावर अक्षरं उमटेनात, तेव्हा मी आधी चष्मा पुसला. मग पदरानं माइक पुसला. दोन्ही स्वच्छच होते.

समोर एक घोडागाडी जंगलातून चालली होती. चार मिनिटं झाली, नुसती चालली होती. झाडं संपत नव्हती, गाडीवान मागं बघत नव्हता, आणि खाली, जिथं एरवी इंग्रजी ओळी येतात तिथं, चाकांखालचा चिखल तेवढा दिसत होता.

"हा आपला पसरणीचा घाटच की," मागून कुणीतरी म्हणालं.

मी माइकवर हात ठेवला आणि प्रोजेक्टरकडे वळून कुजबुजले, "डॉक्टर, अक्षरं कुठायत?"

डॉ. फणसळकर आमच्या फिल्म सोसायटीचे चिटणीस. प्रोजेक्टर त्यांचा, उत्साह त्यांचा, धंदा दंतवैद्याचा. त्यांनी रिळाचा डबा उलटसुलट करून पाहिला. "मुंबईहून बिनअक्षरांची प्रत आलेली दिसते. पण तुम्हाला काय त्याचं? तुम्हाला जर्मन येतं!"

आणि मी त्यांचा हात धरायच्या आत ते उभे राहून ओरडले, "मंडळी, आज खाली इंग्रजी येणार नाही. काळजी नको. आपल्या कुंदाताई घैसास थेट जर्मनमधून मराठीत सांगतील!"

साठ-पासष्ट माणसांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत मधोमध बसलेल्या शास्त्रीबुवांनी वाजवल्या नाहीत. त्यांनी मान अर्धी वळवली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा घोडागाडीकडे पाहू लागले.

मला जर्मन येत नव्हतं.

वाईच्या लोकहित वाचनालयात मी साहाय्यक ग्रंथपाल म्हणून लागले, त्याला तेव्हा दहा महिने झाले होते. वर्ष भरलं की मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे अध्यक्ष ठरवणार होते. जाहिरातीत 'इंग्रजीखेरीज एखादी परकी भाषा येत असल्यास प्राधान्य' असं छापलं होतं, म्हणून मी अर्जात ठोकून दिलं होतं: 'जर्मन (प्रारंभिक)'. पुण्यात मी जर्मनच्या वर्गाला गेले होते, हे अगदीच खोटं नव्हे. अकरा दिवस गेले होते. बाराव्या दिवशी मला गालगुंड झालं. तेवढ्या पुंजीत दहापर्यंत आकडे, सुप्रभात आणि 'हे टेबल आहे' एवढं येत होतं.

अध्यक्ष म्हणजे हे शास्त्रीबुवा. विनायकशास्त्री भाटवडेकर. वय पंच्याहत्तर, विधुर, संस्कृतचे पंडित, खिशात लाल पेन्सिल. मी फळ्यावर लिहिलेल्या चार ओळींच्या सूचनेत त्यांनी एकदा सात चुका काढल्या होत्या. त्यातल्या दोन माझ्या नव्हत्याच, फळ्याचे पोपडे उडाले होते. गावात त्यांना सहज म्हणून कुणी काही विचारत नसे, कारण उत्तराआधी ते प्रश्न दुरुस्त करत. माझ्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी आपल्या कुलपातल्या कपाटाची नोंद माझ्याकडून करून घेतली होती. एकोणचाळीस जाडजूड पुस्तकं, काळ्या, काटेरी अक्षरांची. मी नोंदवहीत लिहिलं: 'इंग्रजी, जुनी छपाई, अक्षर अस्पष्ट', आणि पुढं प्रत्येकाची पानं मोजून आकडा टाकला. शास्त्रीबुवांनी ती नोंद वाचली, लाल पेन्सिल काढली, आणि न वापरताच परत खिशात ठेवली. आपलं काहीतरी एकदाचं बिनचूक निघालं, याचा मला कोण अभिमान वाटला होता.

सोसायटीला त्यांनी वाचनालयाचा दिवाणखाना दिला होता, पण सिनेमाला ते स्वतः कधी फिरकले नव्हते. आज 'जुना जर्मन चित्रपट' अशी पाटी वाचून तीनला दहा कमी असताना आले. माझी परीक्षा घ्यायला, दुसरं काय!

आमच्याकडे रिवाज असा, की इंग्रजी ओळी भरभर वाचणं सगळ्यांना जमत नाही म्हणून मी माइकवरून त्या मराठीत सांगायच्या. हे काम मला आवडायचं. गेल्या दहा महिन्यांत मी चार रशियन शेतकरी, एक इटालियन चोर आणि स्वीडनमधल्या सात दुःखी बायका वाईकरांना समजावून दिल्या होत्या.

घोडागाडी एकदाची थांबली. एक नवं लग्न झालेलं जोडपं उतरलं. समोर किल्ल्याचा दरवाजा. दरवाजा उघडायला दीड मिनिट लागलं. आत काळ्या झग्यातला एक उंच, पांढराफटक सरदार उभा होता. त्यानं तोंड उघडलं आणि तो एक लांबलचक वाक्य बोलला.

साठ-पासष्ट तोंडं माझ्याकडे वळली.

"तो म्हणतोय," मी म्हणाले, "की... या."

"एवढं लांब 'या'?" पहिल्या रांगेच्या कडेनं सरूमावशी म्हणाल्या. या माझ्या घरमालकीण. सिनेमा कुठलाही असो, त्या कापूस घेऊन येत आणि अंधारात वाती वळत. सिनेमा चांगला की वाईट, हे त्या वातींवर सांगत. दीडशे वातींचा म्हणजे चटपटीत.

"सरदार घराण्यातला आहे, मावशी," मी म्हणाले. "'यावं, बसावं, प्रवासात त्रास तर नाही ना झाला,' असं सगळं म्हणाला."

"हां. मग बरोबर."

माझा जीव भांड्यात पडतोय तोवर सरदार पुन्हा बोलला. त्यात मला एक शब्द ओळखू आला. टेबल! गावच्या जत्रेत शेजारीण भेटावी तसा आनंद झाला. "टेबलावर जेवण मांडलंय," मी ठणकावून सांगितलं, आणि खरोखर दुसऱ्या क्षणी पडद्यावर टेबल आलं, त्यावर जेवण. मी शास्त्रीबुवांच्या पाठीकडे पाहिलं. पाठ हलली नाही.

त्या टेबलानं माझी भीड चेपली. जोडपं जेवायला बसलं, सरदार काही खाईना.

"का बरं जेवत नाही तो?" सरूमावशींनी विचारलं.

"त्याचा उपास आहे."

"कसला?"

"शनिवारचा."

नवऱ्याला झोप लागली. बायको जिन्यावरून चालत निघाली. तो जिना तिनं कसा चढला ते मी अजून विसरले नाही. पायरीला पायरी लावून, हातात मेणबत्ती, वाटेत तीनदा थांबून. तेवढ्यात सरूमावशींच्या चाळीस वाती झाल्या. मग सरदार मागून आला, तिच्या मानेवर वाकला, आणि त्याचे सुळे दिसले.

शास्त्रीबुवांसमोर, भर दुपारी, परक्या बाईच्या मानेवर परका पुरुष! मी माइक तोंडाशी घेतला. "तो म्हणतोय, 'बाई, तुमचा चेहरा उतरलेला दिसतो. मनगट गार आहे, नाडी लागत नाही. मानेला पाहू का?'"

"म्हणजे वैद्य आहे होय!" मागची एक बाई सुस्कारा टाकून म्हणाली.

"सुळे बघा," प्रोजेक्टरमागून डॉ. फणसळकर हळहळले. "लहानपणीच तार बसवली असती तर माणसाचं आयुष्य बदललं असतं."

दुसऱ्या रिळात ती बाई दिवसेंदिवस पांढरी पडत चालली. सरूमावशींनी आपलं निदान केलं, "पोरीच्या अंगात रक्त नाही. बीट द्या म्हणावं." मी तेवढं लगेच सरदाराच्या तोंडी घातलं. तो अंधाऱ्या तळघरात उभा राहून जर्मनमध्ये गुरगुरला आणि मी सांगितलं, "बीट आणि खजूर, रोज सकाळी." दोन-तीन बायकांनी माना डोलावल्या.

आता मी घाबरतही नव्हते. खोटं बोलण्याचा एक टप्पा असा येतो की पुढचं आपोआप सुचत जातं. सरदाराला ऊन का चालत नाही? पित्त होतं. आरशात का दिसत नाही? आरसा जुना आहे, पारा गेलाय. नवऱ्याला संशय कसा येत नाही? नवराच तो! या उत्तराला टाळी पडली.

मग तो खिडकीचा प्रसंग आला.

नवरा बॅग भरून उभा आहे, त्याला निघायचंय. सरदार खिडकीशी पाठमोरा. तो वळेना. वारा येतो, पडदा हलतो, पुन्हा वारा येतो. दोन मिनिटं गेली असतील. प्रोजेक्टर तेवढा घरघरत होता. त्या पाठीकडे बघता बघता मला काय झालं कोण जाणे. आठवली ती वाईला आल्यानंतरची माझी पहिली आठ दिवसांची खोली, जिथं मी संध्याकाळी कुलूप काढायचे आणि त्याचा आवाज मोठा वाटायचा. सरूमावशींनी नवव्या दिवशी दारातून डोकावून दोन शब्द विचारले होते, तोवर मी गावात कुणाशी पुस्तकांखेरीज बोललेच नव्हते.

सरदार न वळता, हळू आवाजात एक वाक्य बोलला.

"तो म्हणतोय," मी म्हणाले, "दोनशे वर्षं झाली. मला कुणी 'जेवलात का' असं विचारलेलं नाही."

सरूमावशींचे हात कापसात थांबले. "अगं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या. पहिल्या रांगेत शास्त्रीबुवांनी उपरणं सावरलं.

शेवट आम्हाला पाहायलाच मिळाला नाही. तिसऱ्या रिळात सरदार अंगणातून चालू लागला. चालता चालता थांबला. इतका वेळ थांबला, की दाराशी पेंगणारा गेनबा शिपाई सिनेमा संपला असं समजून उठला आणि त्यानं पश्चिमेच्या खिडकीवरचं घोंगडं ओढून काढलं. पावणेपाचचं ऊन सरळ पडद्यावर. सरदार जागच्या जागी विरून गेला. पुढची पाच मिनिटं आवाज येत राहिला, चित्र दिसेना. लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. पित्ताच्या माणसाला उन्हानं मारलं, हे सगळ्यांना पटलं.

"तीनशे बारा वाती," सरूमावशी डबा मिटत म्हणाल्या. "आणि वाईट नव्हता हो. बिचारा."

शास्त्रीबुवा माझ्यापाशी आले. "घैसासबाई, उद्या अकराला माझ्या खोलीत या. नोंदवही घेऊन या."

एवढंच बोलून ते गेले. डॉ. फणसळकर म्हणाले, "खूश दिसतात." दातांपलीकडे त्यांना माणसाचं फारसं कळत नसे.

सोमवारी अकराला मी नोंदवही त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उघडली, बरोबर माझ्या पहिल्या आठवड्याचं पान काढलं आणि कुलपातल्या कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून शेजारी ठेवलं.

"वाचा."

"अक्षर अस्पष्ट आहे," मी म्हणाले.

"अक्षर स्पष्ट आहे. ही जर्मन भाषा. जुन्या वळणाची छपाई. वेदांवर या लोकांनी पुष्कळ लिहून ठेवलंय, ते वाचायला मी एकोणीसशे एकतीस साली ही भाषा शिकलो. कोशावरून, एकट्यानं." त्यांनी पुस्तक मिटलं. "ही एकोणचाळीसच्या एकोणचाळीस जर्मन आहेत. तुम्ही ती इंग्रजीत घातलीत."

"म्हणजे तुम्हाला पहिल्या आठवड्यापासून..."

"तिसऱ्या दिवसापासून."

"मग मला तेव्हाच काढलं का नाही?"

"काढणार होतो. मग पुढचे आकडे पाहिले. न कळणाऱ्या पुस्तकांची तुम्ही पानं मोजली होतीत. कोरीसुद्धा. मी पडताळून पाहिली. एकही चूक नाही." चूक न सापडल्याचं दुःख त्यांच्या आवाजात अजून होतं. "म्हटलं, राहू दे."

"काल मात्र," मी म्हणाले, "माझी परीक्षा घ्यायला आलात."

"तुमची?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "तुमचा निकाल दहा महिन्यांपूर्वीच लागला होता. सत्तेचाळीस वर्षं मी ही भाषा वाचतोय. माणसाच्या तोंडून एकदाही ऐकली नव्हती. ऐकायला आलो होतो. तुम्ही इतक्या बोलत होता, की काही ऐकू आलं नाही."

मी आयुष्यात पुष्कळ माफ्या मागितल्या, पण त्या दिवशीइतकी मनापासून कधी मागितली नसेन.

"रिळांची पेटी मुंबईला केव्हा जाते?" त्यांनी विचारलं.

"उद्याच्या पहिल्या एसटीनं."

"मग आज तीन वाजता पुन्हा लावायला सांगा. गेनबाला खिडकीपासून लांब बसवा. तुम्ही माझ्याशेजारी बसायचं. बोलायचं मी."

तीन वाजता आम्ही पाचजण होतो. डॉ. फणसळकर एका दुखऱ्या दाढेला दवाखान्यात बसवून आले होते. सरूमावशी शेवट बघायला आल्या होत्या, नवा कापूस घेऊन. गेनबा खिडकीकडे पाठ करून बसला होता.

आणि शास्त्रीबुवा ऐकत होते. दारातला सरदार बोलला, तसं त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं, पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या माणसासारखं. मग एकेक वाक्य ते मला कानात सांगू लागले, लाल पेन्सिलीच्या आवाजात.

"'दरवाजा जुना आणि मोडका आहे, खालची फळी निसटलेली आहे, तेव्हा जपून या.' तुमचं 'प्रवासात त्रास' वगैरे चूक."

"आणि टेबल?"

"टेबल आहे. जेवण नाही. 'टेबलाचा पाय डुगडुगतो.'"

"आणि मानेपाशी वाकून काय म्हणतो?"

शास्त्रीबुवांनी उपरण्याचं टोक नीट केलं. "'मान सुंदर आहे,' असं म्हणतो. तुमची नाडी बरी होती. चूक, पण बरी."

बीट नव्हतं, खजूर नव्हता, शनिवारही नव्हता. माझी एकूण एक वाक्यं त्यांनी कापून काढली. मग खिडकीचा प्रसंग आला. पाठमोरा सरदार. वारा, पडदा, पुन्हा वारा. तो हळू आवाजात ते वाक्य बोलला.

शास्त्रीबुवा काही सांगेनात.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

ते पडद्याकडेच बघत होते. "'दोनशे वर्षं झाली,'" ते म्हणाले, "'मला कुणी जेवलात का असं विचारलेलं नाही.'"

"म्हणजे माझं बरोबर आलं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"ते एक बरोबर आलं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. पडद्याच्या उजेडात त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण दिसत होतं, काळ्या दोऱ्यानं शिवलेलं, पुरुषी हातानं. या माणसाला मी दहा महिने रोज बघत होते.

"शास्त्रीबुवा," मी म्हणाले, "तुम्ही जेवलात का?"

ते प्रश्न दुरुस्त करतील असं मला वाटलं. "नाही," ते म्हणाले. "खानावळ सोमवारी बंद असते."

"दर सोमवारी?" पलीकडून सरूमावशी कडाडल्या. "आणि मग काय करता?"

"वाचतो."

"कुंदे, हे संपलं की यांना घेऊन घरी ये. थालीपीठ लावते. आणि तुम्ही, बुवा, नाही म्हणायचं नाही."

शेवटी सरदार अंगणात आला, ऊन पडलं, तो विरून गेला. गेनबानं काल जे केलं होतं तेच दिग्दर्शकानंही केलं होतं. "मग माझं काय चुकलं?" गेनबा म्हणाला. दोनशे पंच्याण्णव वाती.

थालीपीठ खाऊन हात पुसल्यावर शास्त्रीबुवांनी खिशातून माझा अर्ज काढला. 'जर्मन (प्रारंभिक)' यावर लाल रेघ नव्हती. शेजारी समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'खरं करून घेणे. दर सोमवारी.' त्याखाली: 'कायम.'

त्यानंतर नऊ वर्षं दर सोमवारी शास्त्रीबुवा सरूमावशींच्या स्वयंपाकघरात जेवले आणि त्यांनी मला जर्मन शिकवलं. ताटातल्या प्रत्येक पदार्थाचं नाव, लिंग आणि वचन सांगितल्याशिवाय मला घास घेता येत नसे, त्यामुळे मी बारीक झाले आणि सरूमावशींना काही जर्मन शब्द येऊ लागले. भाकरीला त्या जे म्हणत ते जर्मन लोकांनाही कळलं नसतं, पण शास्त्रीबुवांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. एकोणचाळीस पुस्तकांची नोंद मी नव्यानं केली. पानांचे आकडे तेच राहिले. शास्त्रीबुवा गेले ते पंच्याऐंशीव्या वर्षी, झोपेत, उशाशी लाल पेन्सिल ठेवून.

ते गेल्यानंतर तीन वर्षांनी पुण्याच्या एका महोत्सवात तो सिनेमा पुन्हा लागला. मी एकटीच गेले. आता मला अक्षरांची गरज नव्हती. घोडागाडी चार मिनिटं चालली. दरवाजा मोडका होता, टेबलाचा पाय डुगडुगत होता, मान सुंदर होती. शास्त्रीबुवांचं भाषांतर अक्षरन् अक्षर बरोबर. मी कौतुकानं ऐकत होते. मग खिडकी आली. पाठमोरा सरदार, वारा, पडदा. त्याच्या त्या एका वाक्याची मी अकरा-बारा वर्षं मनात वाट पाहिली होती. दुनियेत काही कळत नसताना मी बरोबर ओळखलेलं एकमेव वाक्य.

सरदार हळू आवाजात म्हणाला, "घोडे थकलेत. उद्या निघा."

मी पुन्हा मनात ऐकून पाहिलं. घोडे. थकलेत. उद्या. दुसरं काहीच नव्हतं.

फळ्याच्या पोपड्यालाही माफ न करणारा माणूस! मला हसू आलं. ते आवरेना. पदर तोंडात कोंबला, तरी बाहेर पडलंच, चांगलं खळखळून, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

शेजारचे गृहस्थ माझ्याकडे वळले. "अहो बाई," ते वैतागून म्हणाले, "भयपट आहे हा."